दोन्या फिदेलिना जिथं होत्या तिथून

लास कोबीहास या डोंगरातल्या गावात कुणालाही वाट विचारा, तो आधी गावात काय काय उरलेलं नाही ते सांगेल. जिथं सुरूचं मोठं झाड होतं तिथून डावीकडं. मग शिंप्याचं दुकान जळलं तिथपर्यंत सरळ. मग बेलिसारिओची पहिली बायको राहायची त्याच्या अलीकडं शंभर मीटर. हे शंभर मीटर कुणी मोजलेले नसतात. एक गल्ली म्हणजे शंभर मीटर, मग ती गल्ली लांब असो की आखूड. वाटसरू बिचारा धुक्यात डोळे ताणून बघतो. सुरू दिसत नाही, दुकान दिसत नाही, बायको तर नाहीच नाही. "कुठंय तो सुरू?" असं विचारलं की गावातली माणसं त्याच्याकडं कीव आल्यासारखी बघतात. पडला की तो! एवढं साधं माहीत नाही आणि निघालाय प्रवासाला.

या देशात सगळीकडं असंच आहे, पण कार्तागोकडून सान इसिद्रोला जाणाऱ्या घाटात जरा जास्तच आहे. त्याला कारण धुकं. सकाळी दहापर्यंत दऱ्या लख्ख दिसतात, मग खालून दूध उतू जावं तसं धुकं वर येतं आणि रस्ता, कुंपण, गाई, चर्चचा मनोरा सगळं अलगद पुसून टाकतं. गाईची घंटा ऐकू येते, गाय दिसत नाही. माणूस बोलतो, तोंड दिसत नाही. अशा हवेत 'आहे' आणि 'होतं' यांत फार अंतर राहत नाही, आणि राहिलं तरी ते मोजायला बाहेर कोण जातंय?

तर या रस्त्याच्या मोठ्या वळणावर दोन्या फिदेलिना, म्हणजे आपल्याकडं म्हणतात तशा फिदेलिनाबाई, यांची खानावळ होती. होती म्हणजे वळणावर होती. सरकारनं रस्ता रुंद केला, खानावळीच्या भिंती पाडल्या, आणि दोन्या फिदेलिना यांनी चुलीचा लोखंडी पत्रा, बाकं आणि आपला मान उचलून वरच्या गल्लीत, सुरूंच्या रांगेमागं, तीनशे मीटरवर नवी खानावळ बांधली. नवी म्हणजे चांगली पक्की, निळ्या पत्र्याची, संडास आत. पाटी मात्र लावली नाही. त्यांचं म्हणणं, पाटी लावायची ती ज्याच्या रश्शाला वास नाही त्यानं.

यात गर्व होता असं कुणी म्हणेल. होताच. ज्या बाईच्या हातची ओया खायला ट्रकवाले उतारावर ब्रेक जाळत थांबायचे तिनं गर्व करायचा नाही तर काय डबाबंद सूप विकणाऱ्यानं करायचा? ओया म्हणजे मोठ्या हंड्यात हाडामांसासकट मक्याची कणसं, हिरवी केळी, कसाव्याची मुळं आणि रानकोथिंबीर घालून सकाळपासून शिजवलेला रस्सा. सोबत चीज घातलेली मक्याची जाड भाकरी, आणि थंडीनं दात वाजत असतील तर गुळाचं गरम पाणी.

प्रवासात कुठं खावं हे पुस्तकातनं कळत नाही, असं दोन्या फिदेलिना यांचं पक्कं मत. पुस्तकं त्यांनी फारशी वाचली नव्हती, त्यामुळं मत पक्कंच राहिलं. ट्रकवाल्याला विचारावं, आणि त्यातही पोट सुटलेला बघून विचारावं. त्या स्वतःही येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत. खाली उतरलात की पुलाजवळच्या विधवेकडं डुकराचं मांस खा. त्याच्या पुढं काचेची मोठी इमारत लागेल तिथं फक्त लघवीला उतरा, कॉफीसुद्धा घेऊ नका. हे सगळं फुकट सांगायच्या. आपलं नाव मात्र दुसऱ्यांनी सांगावं अशी त्यांची अपेक्षा, आणि इतकी वर्षं ते सांगत आलेही.

लोक ते अजूनही सांगत होते. गोंधळ तिथंच झाला.

पेट्रोल पंपावरचा हेरार्दो दिवसभर वाटसरूंना वाट सांगे. टायरवाला कुठंय? "दोन्या फिदेलिना जिथं होत्या त्याच्या समोर." चर्च? "दोन्या फिदेलिना होत्या तिथून दोनशे मीटर वर." ट्राउट माशांचं तळं? "दोन्या फिदेलिना होत्या तिथून उतारानं खाली, कुत्रं भुंकेपर्यंत." पहिल्यांदा हे कानावर आलं तेव्हा दोन्या फिदेलिना यांना गुदगुल्या झाल्या. माणूस जिवंतपणी खूण होतो असं ऐकलंय का कुणी? मंत्र्यासंत्र्यांनासुद्धा मरावं लागतं त्यासाठी. त्या आठवडाभर मान ताठ करून चालल्या.

पण वरच्या गल्लीत कुणी येईना. हंडा शिजायचा, निवायचा, आणि संध्याकाळी शेजारची नीदिया आणि तिची कोंबडी मिळून संपवायच्या. मुलगी योर्लेनी सान होसेला बँकेत होती, ती दर रविवारी फोनवर तेच म्हणे, "आई, आता पुरे झालं. माझ्याकडं ये."

"आणि इथं वाटसरूंना कोण घालील?"

"कोण वाटसरू?"

यावर दोन्या फिदेलिना म्हणायच्या की फोनमध्ये खरखर येतेय, आणि ठेवून द्यायच्या. फोनमध्ये काही खरखर नसायची.

एके दिवशी ग्वानाकास्तेकडची एक बाई नवऱ्याबरोबर गाडीतून आली. त्या सपाटीवरच्या उन्हातल्या माणसांना घाटाची हवा सोसत नाही, ती सगळे कपडे एकावर एक घालून पंपावर उतरली आणि म्हणाली, "लग्नानंतर इथंच एका बाईंकडं जेवलो होतो. फिदेलिना नाव होतं."

हेरार्दो तेल भरता भरता म्हणाला, "हो, दोन्या फिदेलिना. ते वळण दिसतंय ना, तिथंच होत्या. काय हात होता बाईचा!"

हेरार्दोच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याची बोलायची रीत तशीच. तो स्वतःच्या बायकोबद्दलही 'गोड बाई होती' असं म्हणतो, आणि ती मागं उभी राहून ऐकत असते. पण त्या सपाटीवरच्या बाईनं डोक्यावरची टोपी काढली, नवऱ्यानंही काढली, आणि दोघं वळणावर जाऊन पाडलेल्या भिंतीच्या दगडांत उभी राहिली. परत आली ती पुढच्या रविवारी, सुताराकडून करून आणलेला पांढरा क्रूस आणि प्लास्टिकची फुलं घेऊन. या रस्त्यावर अपघातात गेलेल्यांचे असे क्रूस वळणावळणावर आहेत. डोंगराचं नावच मुळी मरणाचा डोंगर. त्यात आणखी एक वाढला तर कुणाच्या लक्षात येणार?

ट्रकवाल्यांच्या आलं. ते जाता-येता हॉर्न वाजवायला लागले. मग एकाचा ब्रेक धुक्यात सुटला, आणि तो शपथेवर सांगायचा की गाडी कड्याकडं चालली असताना त्याला रानकोथिंबिरीचा आणि मांसाचा वास आला, 'दोन्या फिदेलिना!' असं तो ओरडला, आणि गाडी त्या क्रुसाशी येऊन उभी राहिली. वास आला ते खरंच होतं. वारा वरच्या गल्लीतून खाली वाहतो आणि हंडा दहा वाजता उकळतो. पण हे त्या ट्रकवाल्याला कोण सांगणार? त्यानं मेणबत्त्यांचं खोकंच आणून ठेवलं. त्या दिवसापासून रोज दहा वाजले की लोक वळणावर उभे राहून डोळे मिटून नाक वर करायचे. धन्य आत्मा स्वयंपाक करतोय, म्हणायचे.

दोन्या फिदेलिना यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या वर, खाली धुकं. कळलं ते नीदियाकडून, आणि तेही ती भाकरीचं पीठ उसनं मागायला आली तेव्हा, उंबऱ्यात उभ्या उभ्या.

"तुमच्यापाशी पण एक लावली हो मी," नीदिया म्हणाली.

"काय लावलीस?"

"मेणबत्ती. गुडघ्यासाठी. म्हणजे माझ्या गुडघ्यासाठी, तुमच्या पायाशी."

"माझ्या पायाशी कधी आलीस तू?"

"तुमच्या म्हणजे क्रुसाच्या हो. खाली वळणावर. तुम्हाला माहीत नाही? बाई, सगळं गाव जातंय!"

दोन्या फिदेलिना यांनी हातातला डाव ठेवला. डाव ठेवला म्हणजे प्रकरण गंभीर. "नीदिया, मी जिवंत आहे हे तुला ठाऊक आहे ना?"

"मला ठाऊक नसेल तर कुणाला? कालच भांडलो नाही का आपण!" नीदिया गुडघा चोळत म्हणाली. "पण दोन्या फिदेलिना, गुडघा खरंच उतरलाय. त्याला मी काय करू?"

त्या तशाच एप्रनवर खाली गेल्या. वळणावर पांढरा क्रूस, त्याच्याभोवती फुलं, वितळलेलं मेण, अर्धी खाल्लेली भाकरी, कुणाचीतरी चावी, आणि शेजारी टायरवाला बेलिसारिओ पिंपावर फळी टाकून गुळपाणी विकत बसलेला. त्यांना बघून तो अदबीनं उठला.

"तुमच्या आठवणीत विकतोय, दोन्या फिदेलिना. तुमच्यासारखं नाही साधत."

"साधणार कसं? पाणी उकळायच्या आधीच गूळ टाकलायस, वरूनच वास आला मला. आणि टायर बदलतोस त्याच हातानं ढवळतोस. माझ्या आठवणीत असली घाण विकलीस तर मी खरंच मरून तुझ्या मानेवर बसेन."

"बघा," बेलिसारिओ आसपासच्या दोघातिघांकडं वळून भारावलेल्या आवाजात म्हणाला, "अश्शा बोलायच्या बाई."

आता गावभर सल्ल्यांना ऊत आला. हेरार्दो म्हणाला, तुम्ही दिवसातून एकदा पंपावर येऊन उभ्या राहा, मी लोकांना दाखवत जाईन. नीदिया म्हणाली, वर लाल दिवा लावा. त्यावर दोन्या फिदेलिना यांनी तिच्याकडं असं पाहिलं की तिनं तो शब्द परत गिळला. बेलिसारिओचं मत की झालंय ते चांगलंच झालंय, जिवंत माणसाला एवढा मान कुठं मिळतो? सांगा बरं, गेल्या वर्षी तुमच्या वाढदिवसाला किती लोक आले होते? फादरनी हात जोडले. ते म्हणाले, "लोक ज्याच्यापुढं प्रार्थना करतात तो क्रूस मी कसा उपटू? आणि तुम्ही गेलात असंही मी म्हणू शकत नाही, रविवारीच तुम्हाला प्रसाद दिलाय. मी बिशपना विचारतो." म्हणजे हा प्रश्न कायमचा मिटला.

शेवटी दोन्या फिदेलिना ठेवणीतला कोट घालून तालुक्याच्या पालिकेत गेल्या. तिथं काचेमागं एक मुलगी बसली होती, नखं इतकी लांब की यंत्रावर बोटांऐवजी तीच चालायची.

"मयताचं नाव?"

"फिदेलिना कोरालेस ब्रेनेस."

"अर्जदाराचं?"

"तेच."

मुलीनं मान वर केली. "मयत स्वतः अर्ज करू शकत नाही, दोन्या. रस्त्याकडेचा क्रूस काढायचा तर मयताच्या जवळच्या नातेवाइकानं सही करावी लागते. भावनेचा प्रश्न असतो ना."

"अगं, मी मयत नाहीये."

"मग तो क्रूस तुमचा कसा?"

"माझाच आहे!"

"म्हणजे तुम्ही मयत."

दोन्या फिदेलिना यांनी आयुष्यात चोर, दारुडे, सासू आणि दोन आमदार हाताळले होते, पण या मुलीपुढं त्यांची जीभ लटपटली. मुलीनं मग जरा दयेनं विचारलं, "बरं, पत्ता काय तुमचा?"

आणि दोन्या फिदेलिना सवयीनं बोलून गेल्या, "दोन्या फिदेलिनाची खानावळ जिथं होती, तिथून तीनशे मीटर वर."

स्वतःच्याच तोंडून ते ऐकलं आणि त्यांनी काचेकडं पाहिलं. काचेत त्यांना स्वतःचं तोंड दिसत होतं, जरा पुसट, पलीकडच्या मुलीच्या तोंडावर पडलेलं. परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर नुसतं पांढरं होतं. चालकानं वळणावर हॉर्न वाजवला, दोन-चार जणांनी छातीवर क्रुसाची खूण केली, आणि त्यांचाही हात निम्म्यापर्यंत उठला.

रात्रीपुरता राग टिकवून त्यांनी सकाळी योर्लेनीला फोन केला.

"सही करते की," योर्लेनी म्हणाली. "रविवारी कागद घेऊन येते. पण मग तू माझ्याबरोबर यायचं. सहावा मजला आहे, लिफ्ट आहे, दिवसभर ऊन येतं."

"तुझ्या स्वयंपाकघरात दोघं उभी राहिली तर एकाला श्वास आत धरावा लागतो."

"मग एकटी उभी राहा! आई, इंटरनेटवर नकाशात बघ, तुझ्या खानावळीपुढं 'कायमची बंद' लिहिलंय. आणि पाच तारे."

"तारे कशाला?"

"लोकांनी दिलेत. एकानं लिहिलंय, असा रस्सा आता स्वर्गातच, तिथल्यांची चैन आहे."

दोन्या फिदेलिना यांनी ते वाक्य मनात एकदा चाखलं. लिहिलं चांगलं होतं मेल्यानं. मग म्हणाल्या, "ऐक. रविवारी मी नेहमीसारखा मोठा हंडा चढवते. एक जरी वाटसरू वर जेवायला आला तर मी इथंच. नाही आला, तर तू म्हणशील त्या मजल्यावर."

योर्लेनीला वाटलं नव्हतं आई इतक्या सहज कबूल होईल. दोन्या फिदेलिना यांनाही वाटलं नव्हतं.

रविवारी त्यांनी पहाटेच हंडा चढवला. मांस निवडून आणलं होतं, कणसं कोवळी, केळी गच्च हिरवी. बाकं पुसली. भाकऱ्या थापल्या, फडक्यात गुंडाळल्या. कपड्यांची बॅग दाराशी भरून ठेवली होती आणि तिच्याकडं न बघता त्या तिच्याभोवतीनं फिरत होत्या. दहा वाजले, धुकं आलं, दारातून आत डोकावलं आणि उंबऱ्याशी बसून राहिलं. अकरा झाले. सुरूंच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं. गल्लीत पाऊल वाजलं असं वाटलं की त्या डाव घेऊन उठायच्या. पाऊल कोंबडीचं निघायचं.

मग खालून गाणं ऐकू आलं. पुष्कळ माणसं, संथ आवाजात, धुक्यातून गाळून आल्यासारखं. त्यांनी कान दिला. चर्चमधलं गाणं, पण देवाच्या नावाच्या जागी भलतंच काही. "धन्य फिदेलिना, भुकेल्यांची माउली." आणि कडव्यांच्या मध्ये सगळे मिळून लांब श्वास घेत होते.

हुंगत होते! त्यांचा रस्सा! तीनशे मीटरवर हंडाभर रस्सा निवतोय आणि ही माणसं खाली उभी राहून फुकट हुंगतायत!

दोन्या फिदेलिना यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पांढऱ्या एप्रनवर, हातात डाव, केस सुटलेले, अशा त्या उतारानं निघाल्या. क्रूस उपटायचा आणि बेलिसारिओच्या डोक्यात घालायचा एवढंच मनात होतं. धुकं इतकं दाट की स्वतःचे पाय दिसत नव्हते. त्या चालत होत्या का तरंगत होत्या त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. मग समोर मेणबत्त्या दिसल्या, पिवळे पिवळे ठिपके. एक अख्खी बस उतरली होती. गाणं थांबलं. कुणीतरी हुंदका दिला.

"कोण... कोण तुम्ही?" पुढं उभ्या असलेल्या एका टोपीवाल्यानं विचारलं.

"मी कोण? मी फिदेलिना!"

हे बोलायला नको होतं, पण खोटं तरी काय बोलणार? सगळी बस गुडघ्यांवर आली.

"उठा!" दोन्या फिदेलिना ओरडल्या. "उठा आधी, चिखल आहे तिथं!"

सगळे उठले.

"हे धन्य आत्म्या," टोपीवाला कापऱ्या आवाजात म्हणाला, "आमच्याकडून काय हवंय तुम्हाला?"

"जेवा!" दोन्या फिदेलिना म्हणाल्या. रागानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "जेवा म्हणते मी! तिकडं रस्सा निवतोय आणि तुम्ही इथं गाणी म्हणताय! चला माझ्या मागं!"

आणि ती सगळी माणसं, हातात मेणबत्त्या तशाच धरून, एकामागं एक त्यांच्या मागोमाग चढ चढायला लागली. धुक्यात तो प्रकाशाचा लांब धागा हलत होता. गावातली दहा-बारा जणंही मागं लागली. हेरार्दो पंप सोडून आला. बेलिसारिओनं पिंपावर झाकण ठेवलं, आणि दोन्या फिदेलिना यांना रोज बघणारा तो शहाणा माणूस, सगळे करतात म्हणून स्वतःही छातीवर क्रुसाची खूण करत निघाला.

बाकं भरली. उरलेले भिंतीला टेकून बसले. दोन्या फिदेलिना यांनी वाट्या भरल्या, भाकऱ्या वाटल्या. वाटसरू आले होते, एक नाही, बसभर आले होते. पैज जिंकली होती. पण काहीतरी चुकत होतं. खोलीत आवाज नव्हता. माणसं एकेक घास तोंडात धरून डोळे मिटून बसत होती. एका म्हातारीनं कणसाचा तुकडा रुमालात बांधून छातीशी धरला.

"भाकरी गरम आहे तोवर खा," दोन्या फिदेलिना म्हणाल्या.

"ती म्हणाली," म्हातारीनं शेजारणीच्या कानात सांगितलं, "भाकरी गरम आहे तोवर खा." ते खोलीभर कुजबुजत गेलं, कुणीतरी डोळे पुसले, कुणी ते हातावर लिहून घेतलं.

"पाणी कोपऱ्यात आहे," त्या म्हणाल्या. सगळे कोपऱ्याकडं बघून माना डोलावू लागले, जणू त्यात खोल काही होतं.

एवढं ऐकणारी माणसं त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. ना नवरा, ना मुलगी, ना गिऱ्हाईक. खिडक्यांत पांढरं धुकं चिकटलेलं, मेणबत्त्या बाकांवर ओळीनं लावलेल्या, वाफेत चेहरे तरंगताना दिसत होते. दोन्या फिदेलिना चुलीच्या कडेवर टेकल्या. एक विचार मनात आला आणि तो त्यांना काही केल्या हाकलता येईना. सरकारचं यंत्र भिंतीला लागलं त्या दिवशी आपण आतच तर नव्हतो ना? सगळ्यांना ठाऊक असेल, आणि आपल्यालाच कुणी सांगितलं नसेल. त्यांनी स्वतःचा दंड चिमटला. दुखलं, पण फार नाही. त्यांनी वाफेवर हात धरला. ऊब लागली, तीही लांबून आल्यासारखी.

दार उघडलं. योर्लेनी आली. बँकेतला कोट, ओले बूट, काखेत कागद. दाराशी भरलेली बॅग तिनं पाहिली, आत भरलेली खोली पाहिली आणि चकित झाली. पण तीही याच घरची. माणसं बसलेली दिसली की बसायचं, वाटी समोर आली की खायचं. नीदियानं सरकून जागा दिली. योर्लेनीनं एक चमचा घेतला. दुसरा घेतला. मग त्या पवित्र शांततेत ती मोठ्यानं म्हणाली,

"आई, मीठ कमी झालंय."

खोलीतल्या सगळ्यांचा श्वास अडकला. म्हातारीनं कान झाकले.

"काय म्हणालीस?" दोन्या फिदेलिना हळू उठल्या.

"मीठ कमी आहे. आणि केळं अजून कच्चं आहे आत."

"कच्चं? तुझ्या त्या सहाव्या मजल्यावर केळं शिजतं का एवढं तरी? लिफ्टनं येतं ना तुमच्याकडं शिजलेलं!"

"खाऊन बघ मग! किती दिवसांत स्वतः चाखलं नाहीस?"

"मला चाखायची गरज नाही, मला वासावरनं कळतं!"

"मग नाकात मीठ घाल!"

दोन्या फिदेलिना यांच्या गालांवर रंग चढला. त्यांनी डाव हंड्यात बुडवला, चाखला, आणि सगळी खोली बघत होती त्यांच्या तोंडाकडं. मीठ कमीच होतं. सकाळपासून त्या दाराकडं बघत स्वयंपाक करत होत्या.

"थोडं," त्या गुरगुरल्या. "अगदी थोडं."

"थोडं नाही, पुष्कळ!" योर्लेनी म्हणाली.

टोपीवाल्यानं हळूच बोट वर केलं. त्यानं बायकोकडं पाहिलं, मेणबत्तीकडं पाहिलं, आणि घसा साफ केला. "माफ करा, दोन्या... पण माझ्या वाटीत नुसतं हाड आलंय."

"हाडालाच तर चव असते!"

"असेल हो. पण मांस या शेजारच्यांच्या वाटीत आलंय, हाड माझ्या."

मग मागून कुणी म्हणालं, भाकरी जाड आहे. कुणी म्हणालं, गुळपाणी गार झालंय. बस चालकानं विचारलं की कॉफी मिळणार आहे की नाही, आम्हाला उजेडात डोंगर ओलांडायचाय. रुमालात कणीस बांधलेल्या म्हातारीनं गाठ सोडली, कणीस वाटीत परत टाकलं आणि करकरीत आवाजात म्हणाली, "माझ्या सुनेचं यापेक्षा मऊ असतं."

दोन्या फिदेलिना खोलीच्या मधोमध उभ्या, डाव उगारलेला, आणि एकेकाला जागच्या जागी उत्तर देत होत्या. हाडवाल्याला त्याच्या टोपीवरून. भाकरीवाल्याला त्याच्या दातांवरून. म्हातारीला तिच्या सुनेवरून, आणि ते इतकं चपखल बसलं की म्हातारी हसून पुढं वाकली. आवाज चढत गेला. बाकं करकरली. मेणबत्त्या कुणीतरी विझवल्या, कारण मेण भाकरीवर सांडत होतं. योर्लेनीनं कोट काढून खुंटीला लावला, बाह्या वर केल्या आणि कॉफीचं पाणी ठेवलं, आणि आईनं तिला सांगितलं की भांडं चुकीचं घेतलंयस, आणि तिनं सांगितलं की हेच बरोबर आहे.

"ज्याला पटत नसेल त्यानं उठावं!" दोन्या फिदेलिना शेवटी ओरडल्या. "दार उघडं आहे!"

कुणी उठलं नाही. बस चालकानं वाटी पुढं केली. भिंतीला टेकून बसलेला एक ट्रकवाला, पोट चांगलं सुटलेला, बोटं चाटत म्हणाला, "दोन्या फिदेलिना, उद्या सकाळी मी परत याच रस्त्यानं येणार. उद्या काय असतं तुमच्याकडं?"

दोन्या फिदेलिना यांनी उगारलेला डाव खाली केला. तोंडाशी आलेलं एक झणझणीत वाक्य त्यांनी तसंच माघारी घेतलं.

"उद्या," त्या म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांनी जरा रेंगाळत, चव घेत म्हटला. "उद्या काळ्या घेवड्याचा रस्सा. लवकर या. उशीर केलात तर तळाचा मिळेल, आणि मग तक्रार ऐकून घेणार नाही मी."